साळखात्यातली दीड पानं

गिरणी संपावरच्या कादंबरीचं अकरावं प्रकरण घेऊन मी चिपळूणजवळच्या एका गावी गेले, तेव्हा माझ्या लेखी ते प्रकरण पुरं झालेलं होतं. आबांना फक्त वाचून दाखवायचं होतं. आबा बावीस वर्षं मुंबईत कापड गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात, साचे (माग) चालवत होते. संपात गिरणी सुटली ती सुटलीच, आणि ते कायमचे गावी आले. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून वाचायचं मी आणि ऐकायचं त्यांनी, असं ठरलं. त्यांना ऐकायलाही कमीच येतं. मी खुर्ची जवळ ओढली आणि मोठ्याने सुरुवात केली.

प्रसंग होता संपाच्या आधीच्या शेवटच्या पाळीचा. दोन मित्र शेजारशेजारच्या साच्यांवर उभे आहेत आणि बोलतायत. एकावरचं कर्ज, दुसऱ्याच्या बहिणीचं लग्न, संप लांबला तर गावी जायचं की चाळीतच तग धरायचा. दीड पान नुसता संवाद. या दीड पानावर माझा फार जीव होता. महिनाभर घासूनपुसून ते लिहिलं होतं, आणि ज्यांना ज्यांना वाचून दाखवलं त्यांचे डोळे भरून आले होते.

अर्ध्यावर आबांनी हात वर केला.

"ताई, ही दोघं उभी कुठं हायत?"

"साळखात्यात. साच्यापाशी."

"साचे चालू हायत?"

"हो, चालू आहेत."

"मग ह्याचं त्याला ऐकू कसं आलं?"

मला उत्तर सुचेना.

माझ्या वह्यांत काय नव्हतं? संप सुरू झाला ती तारीख, १८ जानेवारी १९८२, सोमवार. संपाचे नेते दत्ता सामंत. अडीच लाखांच्या आसपास कामगार. १९४६चा औद्योगिक संबंध कायदा, ज्यामुळे मालकांशी बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनकडे राहिला आणि कामगारांचा राग आतल्या आत साचत गेला. धोट्यातला (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी तुकड्यातला) धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ मानत, म्हणून दलित कामगारांना साळखात्यात घेत नसत, आणि १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी तो प्रश्न लावून धरला होता, हेही टिपून ठेवलं होतं. आवाजाचीही नोंद होती. 'कानठळ्या बसवणारा आवाज' हे शब्द प्रकरणाच्या पहिल्याच वाक्यात मी वापरले होते. आणि दुसऱ्या वाक्यापासून माझी माणसं ओसरीवर बसल्यासारखी बोलत होती.

आबांनी मग सगळं उलगडून सांगितलं. धोटा मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा इकडून तिकडे फेकला जायचा, दर फेकीला लाकडाचा फटका. असे शेकडो साचे एका छपराखाली. पायाखालची फरशीसुद्धा थरथरायची. तिथे ओरडून उपयोग नसे. नवा पोरगा आला की पहिले काही दिवस ओरडून घसा बसवून घ्यायचा आणि मग आपोआप गप्प व्हायचा. बोलणं व्हायचं ते हातांनी आणि ओठांनी. आवाज न काढता ओठ मोठे हलवायचे, समोरच्याने ते वाचायचे.

"दाखवू?" म्हणाले, आणि अंगणाकडे वळले. अंगणाच्या पार त्या टोकाला आजी कोकमं वाळत घालत होत्या. आबांनी दोन बोटं उचलली, ओठ हलवले, मनगट जरासं फिरवलं. आजींनी कपाळाला आठी घालून काहीतरी उलट विचारलं, तेही हातांनीच. थोड्या वेळाने दोन कप चहा आला, माझा बिनसाखरेचा. मी साखर घेत नाही हे सकाळी मी आजींना सांगितलं होतं. ते पक्कं आहे ना, एवढंच आजींनी आबांना विचारलं होतं म्हणे.

मी विचारलं, "आबा, त्या शेवटच्या पाळीला तुम्ही तुमच्या शेजारच्या साचेवाल्याला काय सांगितलंत?"

ते बराच वेळ आठवत बसले. मग उजव्या हाताचा घास करून तोंडाकडे नेला आणि भुवया उंचावल्या. डबा खाल्लास का?

"बस. एवढंच. रोजचंच. परत भेटायचं नाही हे कुणाला ठाऊक?"

तो मित्र साताऱ्याकडचा. त्यानंतर त्याची गाठ पडली नाही.

परतीच्या गाडीत मी ती दीड पानं काढून टाकली. हात जड झाला होता, खोटं कशाला सांगू. त्या संवादातली काही वाक्यं मला आजही पाठ आहेत. त्यांच्या जागी चार ओळी राहिल्या: हाताचा घास, उंचावलेल्या भुवया, आणि तेवढ्यात मधून कापडाची गाडी ढकलत नेणारा एक कामगार. मग मागची प्रकरणंही उघडावी लागली. साळखात्यातले प्रसंग एकूण सहा होते आणि सहाही ठिकाणी माणसं बोलत होती. त्यात चार महिने गेले. चाळीतले प्रसंगही बदलले, कारण दिवसभर हातांनी बोलणारा माणूस घरी आल्यावर मोठ्याने बोलतो आणि बायकापोरांना तो सतत रागावल्यासारखा वाटतो, हे मला आबांकडे बसल्यावर दिसलं. त्याआधी माझा नायक उगाचच मृदू बोलायचा.

नवं प्रकरण फोनवर वाचून दाखवलं. आबांना फोन ऐकू येत नाही. फोन आजींच्या कानाला, आणि त्या ऐकून आबांना हातांनी सांगणार. मी एकेक ओळ वाचून थांबत होते. पलीकडे बांगड्यांची किणकिण तेवढी ऐकू यायची. शेवटची ओळ वाचून झाली. किणकिण थांबली. मग आजींचा आवाज आला:

"ते विचारतायत, मग त्या दुसऱ्यानं काय सांगितलं? डबा खाल्ला होता का त्यानं?"