हजार वर्षं जगणाऱ्यांचं नगर

सोमवार, रात्री

मी कथेसाठी रचत असलेल्या सायवेन या काल्पनिक नगराचा नकाशा आज पुरा झाला. नदी उत्तरेकडून येते, दोन टेकड्यांमध्ये वळसा घेते आणि दक्षिणेला रुंद होते. त्या वळणात एल्फांचं, म्हणजे युरोपी दंतकथांमधल्या दीर्घायुषी लोकांचं, हे नगर वसलं आहे. संपन्न नगर: कोठारं भरलेली, रस्त्यांवर दिवे, घरांना कुलपं नाहीत. मनोरे मात्र मी मोजकेच ठेवले. एल्फांचं नगर म्हटलं की चांदीचे कळस आणि चांदण्यात न्हालेले सज्जे डोळ्यांपुढे येतात, आणि वर्णन तिथंच थांबतं. मला ते नगर चालतं कसं हे बघायचं आहे. पाटाला पाणी कोण सोडतं, तंटा कोण मिटवतं, तरुणाला काम कुठून मिळतं, म्हाताऱ्याची जागा कधी रिकामी होते.

आपल्याकडे कुबेराची अलकानगरी आहेच. तिथल्या यक्षांना तारुण्याखेरीज दुसरं वय नाही, डोळ्यांत पाणी आलं तर ते आनंदाचंच, असं संस्कृत काव्यात म्हटलं आहे. ते वर्णन मला फार आवडतं. पण जिथं कुणी म्हातारं होत नाही तिथला कारभार कसा चालत असेल, या प्रश्नानं मला गेले कित्येक दिवस धरून ठेवलं आहे. काव्याला त्या प्रश्नाची गरज नव्हती. रोज त्या नगरात राहणाऱ्याला आहे.

पुलांचं ठरलं. ते बांधलेले नसतील, वाढवलेले असतील. मेघालयात खासी आणि जैंतिया डोंगरांमध्ये असे पूल खरोखर आहेत. रबराच्या वडाची हवाई मुळं बांबूच्या किंवा पोफळीच्या आधारानं ओढ्यापलीकडे नेतात, ती तिथल्या मातीत रुजतात, आणि माणसांचा भार पेलण्याइतकी जाड व्हायला दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ जातो. पुढं पूल जुना होत जातो तसा मजबूतच होतो. माणसं हे नातवंडांसाठी करतात. सायवेनमध्ये ज्यानं मूळ वळवलं तोच सहाशे वर्षांनी त्या पुलावरून चालत असेल.

मंगळवार

आज हिशेब केला, आणि नगराचं सगळं रूपच बदललं.

वस्ती 20,000 धरली, आयुष्य सरासरी 1,000 वर्षं. वस्ती वाढत नाही, घटत नाही. म्हणजे वर्षाला फक्त वीस जन्म आणि वीस मृत्यू. वीस हजारांच्या नगरात वर्षभरात वीस पाळणे! बालपण 50 वर्षांचं मानलं, तरी एका वेळी नगरात हजारच मुलं, वीस जणांत एक. काही गल्ल्यांमध्ये शंभर शंभर वर्षं मूल दिसणार नाही. म्हणून मी जन्म ही घरापुरती गोष्ट ठेवली नाही. मूल झालं की त्या गल्लीतले दिवे रात्री विझवत नाहीत, आणि मुलाला पहिली पंधरा वर्षं गल्लीतल्या प्रत्येक घरी जेवायचा हक्क आहे. हे लिहिताना हात थांबेना. मूल इतकं दुर्मीळ असेल तर अख्खं नगर त्याचं आजोळ होईल.

मृत्यूही तितकाच दुर्मीळ. आणि खरी अडचण तिथंच आहे.

बुधवार, उशिरा

माणसांच्या नगरांमध्ये मृत्यू कितीतरी कामं गुपचूप करून टाकतो. खुर्ची रिकामी करतो. जमिनीची वाटणी करतो. उस्तादाच्या जागी शागीर्दाला बसवतो. जुनं वैर संपवतो. ही कामं सायवेनमध्ये कुणीतरी मुद्दाम केली पाहिजेत, नाहीतर ते नगर कितीही सुंदर असलं तरी गोठून जाईल.

नगरसभा घ्या. शंभर सदस्य, आणि सदस्यत्व तहहयात. एकेक जण सरासरी पाचशे वर्षं बसला, तर पाच वर्षांतून एकदा एक जागा रिकामी होणार, आणि तिच्याकडे वीस हजार जण डोळे लावून बसणार. ज्याची कल्पना आज नवी आहे तो सभेत पोचेपर्यंत ती कल्पनाच जुनी होईल.

व्हेनिसचा डोज, म्हणजे तिथल्या प्रजासत्ताकाचा निवडलेला प्रमुख, तहहयात असे. त्याच्या निवडणुकीत कुणा घराण्याची मिजास चालू नये म्हणून 1268 मध्ये त्यांनी जी पद्धत घातली ती वाचून मी थक्क झालो. थोरल्या सभेतून चिठ्ठ्या काढून तीस जण, त्यांतून पुन्हा चिठ्ठ्यांनी नऊ. हे नऊ जण चाळीस निवडणार, चाळीसातून चिठ्ठ्यांनी बारा. बारांनी पंचवीस, पंचविसातून नऊ, नवांनी पंचेचाळीस, त्यांतून अकरा, अकरांनी एकेचाळीस, आणि त्या एकेचाळीसांनी डोज. 1797 मध्ये प्रजासत्ताक बुडेपर्यंत हे चाललं. इतकी गुंतागुंत कशासाठी? कुणाला फितवायचं हेच आधी कळू नये म्हणून. पण त्या साऱ्या गाळणीच्या मागं आणखी एक गोष्ट होती: डोज बहुधा उतारवयातच निवडला जाई. काळ त्याला फार सवड देत नसे. एल्फ डोजला काळाची घाई नाही. त्यामुळे चिठ्ठ्या कितीही गाळून काढल्या तरी एकदा बसलेला उठायचा नाही.

फ्लोरेन्सवाले दुसऱ्या टोकाला गेले. त्यांची सिन्योरिया, म्हणजे कारभारी मंडळ, दर दोन महिन्यांनी बदलायची. माणसांनाही ते दमवणारंच होतं.

मला पटलं ते प्राचीन अथेन्स. पाचशेंची सभा, दहा गणांतून पन्नास पन्नास, तिशी ओलांडलेल्यांतून चिठ्ठीनं निवडलेली. मुदत एक वर्ष, आणि आयुष्यात दोनदाच बसता येणार. एका पिढीत अर्धंअधिक नगर कारभाराच्या पंक्तीला बसून जात असणार.

मग सायवेनसाठी पुन्हा आकडेमोड. शंभर जागा, दर वर्षी नवे शंभर. हजार वर्षांत एक लाख जागा भरायच्या, आणि नगर वीस हजारांचं. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाच पाळ्या, दोनशे वर्षांतून एक. पाच! कुणी वगळलं जाणार नाही. जो सुतार आहे, जी वैद्य आहे, जो दिवसभर नदीत होडी घेऊन पडून असतो, तो प्रत्येक जण आयुष्यात पाच वेगवेगळ्या वयांत सभेच्या ओट्यावर बसणार. पहिल्या पाळीत तो उतावळा असेल, चौथीत सावध. आपणच दुसऱ्या पाळीत केलेला कायदा तिसऱ्या पाळीत मोडायची वेळ त्याच्यावर येईल. निवडणुकीऐवजी मी पाळी घेतली आहे, आणि एका रात्रीत तिच्यावर माझा जीव जडला.

गुरुवार

कारागिरांचा प्रश्न याहून अवघड आहे. सभेतून पायउतार करणं नियमानं जमतं. पण सहाशे वर्षं लाकडावर हात बसलेल्या सुताराला, आता बाजूला हो, असं कसं सांगायचं?

जपानमधलं ईसे इथलं देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत नव्यानं उभारतात. परंपरेनुसार पहिली उभारणी इसवी सन 690 मधली, आणि 2013 मधली बासष्टावी. मधे यादवीच्या काळात खंडही पडला, तरी क्रम टिकला. वीस वर्षांचा फेरा असल्यामुळे एकच सुतार तरुणपणी शिकाऊ म्हणून, मग कसबी म्हणून आणि शेवटी जाणता म्हणून त्या कामावर उभा राहू शकतो. इमारत नवी, विद्या जुनी.

एल्फांना विद्या हरवायची भीती नाही. त्यांची भीती उलटी आहे. विद्या एकाच हातात अडकून पडते. तीनशे वर्षांचा शागीर्द अजून रंधा धरून उस्तादाच्या पाठीमागं उभा आहे, आणि उस्ताद ठणठणीत आहे. हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मला त्या शागीर्दाचं फार वाईट वाटलं. त्याचं काम उत्तम आहे. ते कुणाला दिसणारच नाही.

म्हणून नियम: एका धंद्यात दोनशे वर्षं झाली की कार्यशाळा शागीर्दाकडे द्यायची आणि स्वतः दुसऱ्या धंद्यात, दुसऱ्या कुणाच्या हाताखाली, पहिल्या पायरीवर उमेदवारी करायची. नगरातला सगळ्यात नामांकित शिल्पकार आज मासेमारांच्या जाळ्यांना गाठी मारायला शिकतो आहे, आणि शिकवणारी मुलगी साठ वर्षांची आहे. सायवेनची श्रीमंती मला इथं दिसते. गल्लीत कुठलंही काम अडलं तर ते कधीकाळी हातानं केलेली चार माणसं सापडतात. मातीची नळी फुटली, तर समोरच्या घरातला ग्रंथपाल पूर्वी कुंभार होता.

शुक्रवार

पैशाचं थोडक्यात लिहितो, कारण उत्तर आकड्यांतच आहे. शेकडा एक दरानं चक्रवाढ व्याज धरलं तर हजार वर्षांत मुद्दल सुमारे 21 हजार पट होतं. शेकडा दोन धरलं तर जवळपास 40 कोटी पट. म्हणजे पहिल्या शतकात ज्यानं थोडं कर्ज वाटलं तो शेवटच्या शतकात नदीसकट नगराचा धनी. त्यात वारसांमध्ये वाटणी नाही, जमिनीचे तुकडे नाहीत.

माणसांनाही हे जुन्या काळीच कळलं होतं. बाबिलोनचा राजा अम्मिसदुका यानं इसवी सनापूर्वी सतराव्या शतकात हुकूम काढून धान्याची आणि चांदीची कर्जं माफ केली. व्यापारात भांडवल म्हणून घातलेला पैसा तेवढा वगळला. ज्यूंच्या धर्मनियमात दर पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जायची. सायवेनमध्ये दर शंभर वर्षांनी घरगुती कर्जाचे दस्त नदीकाठी आणून फाडतात, आणि जमीन नगराची, कसणाऱ्याकडे शंभर वर्षांच्या करारानं. व्यापारातलं देणं मात्र फिटेपर्यंत देणंच. हा भेद मी बाबिलोनकडून घेतला, कारण तो नसेल तर दुसऱ्या गावचा कुणी व्यापारी यांच्याशी व्यवहारच करणार नाही.

शनिवार

पाणी. याच्यावर मी पानंच्या पानं लिहू शकेन.

स्पेनमधल्या वालेन्सिया इथं दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दारापाशी पाण्याचं न्यायालय भरतं. तुरिया नदीच्या पाटांवरचे शेतकरी आपल्यातूनच पंच निवडतात. काळे अंगरखे घातलेले पंच गोलाकार बसतात, वादी-प्रतिवादी तोंडी बोलतात, निकाल तिथल्या तिथं. वकील नाही, फायलींचे ढीग नाहीत. ज्या पाटाचा तंटा त्या पाटाचा पंच निकालात मत देत नाही. 2009 मध्ये युनेस्कोनं मानवी वारशाच्या यादीत त्याची नोंद केली. हे न्यायालय टिकलं याचं कारण मला साधं वाटतं: पंच स्वतः त्याच पाण्यावर शेती करतो, त्याला उद्या त्याच बांधावर उभं राहायचं असतं.

सायवेनला हे जसंच्या तसं घेता येईल असं वाटलं होतं. पण तोंडी न्याय तिथं अवघड आहे. आठशे वर्षांपूर्वी वरच्या पाटकऱ्यानं दोन घटका जास्त पाणी घेतलं, हे खालच्या शेतकऱ्याला अजून आठवतं. दोघंही जिवंत आहेत. आपल्याकडे अशी भांडणं पणजोबांबरोबर संपतात, तिथं पणजोबाच फिर्यादी. म्हणून तिथल्या पंचायतीला एकच मर्यादा आहे: सात पावसाळ्यांआधीची तक्रार ऐकायची नाही. ज्याला विसरता येत नाही त्याला निदान ती गोष्ट मांडायची मुभा नसावी. कठोर आहे, पण शेजार टिकवायचा तर हे हवं.

रानाचं काम सोपं गेलं. स्वीडनमध्ये विसिंग्सो बेटावर 1830 च्या दशकापासून आरमाराच्या जहाजांसाठी ओकची लाखो झाडं लावली. लाकूड तयार झालं तेव्हा विसावं शतक उलटत आलं होतं आणि जहाजं पोलादाची झाली होती. लावणारे हे पाहायला नव्हते. सायवेनमध्ये लावणारा असतोच. त्याला तीनशे वर्षांनी सभेपुढं उभं राहून सांगावं लागतं की हे रान कशासाठी लावलं होतं आणि आता त्याचं काय करायचं. इतका दूरचा जाब द्यायचा असेल तर रोपं लावताना हात किती जपून चालत असतील!

रविवार

आज एका गोष्टीनं सगळं पुन्हा उघडलं.

नगराच्या दक्षिणेला, नदी रुंद होते तिथं माणसांची वस्ती आहे. हजारभर माणसं असतील. नावाडी, विणकर, धान्याचे दलाल. पिढ्यान्‌पिढ्या तिथंच जन्मलेली. आणि दोनशे वर्षांतून एक पाळी या माझ्या लाडक्या नियमात सत्तर वर्षं जगणाऱ्या माणसाला पाळी येणार कधी? तिघांतल्या दोघांच्या आयुष्यात कधीच नाही. नियम सगळ्यांना सारखा आहे, आणि तरीही तो माणसांना दारातच थोपवतो. अथेन्समध्येही परके रहिवासी होते. ते कर भरत, लढाईला जात, पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहत, आणि सभेत त्यांना जागा नव्हती. मला सायवेन तसं नको.

तेव्हा पाळी वर्षांनी मोजायची नाही, आयुष्यानं मोजायची. एल्फाला आयुष्यात पाच, तर माणसालाही पाच; म्हणजे साधारण चौदा वर्षांतून एक. हजार माणसांना यासाठी दर वर्षी एकाहत्तर-बाहत्तर जागा लागतील. शंभरातल्या बाहत्तर! एल्फ हे कसं मान्य करतील? दुसऱ्या बाजूनं, माणसांना एकदाच पाळी दिली तर दर वर्षी चौदा-पंधरा जागा पुरतात, प्रत्येक माणूस एकदा तरी ओट्यावर बसतो, आणि एल्फांची पाळी दोनशेऐवजी दोनशे पस्तीसेक वर्षांवर जाते. त्यांच्या पाचांतली जेमतेम एक कमी होते.

मी एकदाचा पर्याय सभेपुढं ठेवणार आहे. प्रस्ताव दक्षिण घाटावरची एक विणकर बाई मांडेल, वय बावन्न. विरोधात आधी उठेल तो पाणीपंचायतीचा सर्वांत जुना पंच, कारण एक पाळी सोडणं म्हणजे त्याच्या हिशेबानं दोनशे वर्षं सोडणं. त्याचं म्हणणं मला पूर्ण ताकदीनं लिहायचं आहे, कारण ते खोटं नाही. आणि तिला बोलायला जास्तीत जास्त वीस वर्षं आहेत, हे सभेत बसलेल्या प्रत्येकाला कळलं पाहिजे. उद्या तिच्या भाषणापासून सुरुवात करतो.