तुम्ही विचारलंत म्हणून: हायड्रेंजिया फुलत का नाही?

‘तुमच्या हायड्रेंजियाला दरवर्षी एवढे गुच्छ येतात, आमचे झाड हिरवेगार असूनही फुलत का नाही?’ असे मला वारंवार विचारले जाते. त्यावर माझा प्रतिप्रश्न ठरलेला आहे: छाटणी कधी केलीत?

मोठ्या गोल गुच्छांचा जो हायड्रेंजिया बागांमधून सर्वाधिक दिसतो, ती मॅक्रोफायला ही जाती मुख्यतः आदल्या वर्षीच्या फांद्यांवर फुलते. उन्हाळा सरून दिवस लहान होऊ लागले आणि हवा थंडावली, की फांद्यांच्या टोकांशी पुढच्या हंगामाच्या कळ्या धरतात आणि हिवाळाभर मिटून राहतात. त्या काळात झाड ओकेबोके दिसते म्हणून कात्री चालवणारा माणूस, वाळकी काडी समजून, येणारा बहरच कापून टाकतो. मीही एकदा हेच केले होते. झाडाला आकार यावा म्हणून सगळ्या फांद्या गुडघ्याइतक्या खाली आणल्या. पालवी जोमाने फुटली, पण हंगामभर एकही गुच्छ आला नाही, आणि त्या झाडाजवळून जाताना मला अपराधी वाटत राहिले.

तेव्हापासून मी छाटणी फुले ओसरताच उरकते, तीही मोजकी: सुकलेल्या गुच्छाखाली सशक्त डोळ्यांची जी पहिली जोडी असेल तिच्या वर काप घ्यायचा आणि थकलेल्या दोन-तीन जुन्या फांद्या बुडापासून काढायच्या. जिथे थंडी कडक असते तिथे मात्र सुकलेले गुच्छ वसंतापर्यंत राहू द्यावेत, कारण त्यांच्या आडोशाने खालच्या कळ्या वाचतात. पॅनिक्युलाटा आणि आर्बोरेसेन्स या जाती नव्या फुटीवर फुलत असल्याने त्यांना हिवाळ्याच्या अखेरीची छाटणी मानवते. म्हणून आपले झाड कोणते, हे आधी ओळखावे.

छाटणी बिनचूक असूनही कळ्या धरत नसतील, तर नत्राचे खत कमी करून पाहावे आणि झाड गर्द सावलीत तर नाही ना, हे तपासावे. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली त्याला सर्वांत मानवते.

फुलदाणीसाठी गुच्छ काढतानाही मी दांडा आखूडच ठेवते, म्हणजे खालचे डोळे शाबूत राहतात. असा गुच्छ घरात आणल्यावर मलूल झालाच, तर तो तासभर थंड पाण्यात पूर्ण बुडवून ठेवावा. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती खरे तर निदले असतात. ती स्वतःच पाणी शोषून घेतात आणि गुच्छ बहुधा पुन्हा ताठ उभा राहतो.