ताराचा माग : वाळूतून खाचरात

गेल्या नोंदीत माझ्या कुत्रीचं, ताराचं, वासावरून माग काढणं पक्कं झालं असं मी छातीठोकपणे लिहिलं होतं. ते शब्द मागे घेतो. पक्की झाली होती ती नजर, नाक नव्हे.

दोन महिने आम्ही कर्द्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या ओल्या वाळूत काम केलं. आयजीपी 1 ला (कुत्र्यांच्या माग, आज्ञापालन आणि संरक्षण या तिहेरी परीक्षेची पहिली पातळी) लागतो तसाच माग: 300 पावलं, तीन सरळ टप्पे, दोन काटकोन, वाटेत टाकलेल्या दोन वस्तू, ज्या कुत्र्याने दाखवायच्या. मी चालत जाऊन माग टाकायचा, 20 मिनिटं थांबायचं, ताराला 10 मीटरच्या लाइनवर (लांब दोरीवर) सोडायचं. पोरगी सुसाट. मग एकदा मित्राने बाजूने व्हिडिओ काढला. ऊन नुकतंच डोंगरावरून उतरलेलं, माझ्या प्रत्येक पावलाच्या खळग्यात सावली साचलेली. तारा दर पाच-सहा पावलांनी नाक वीतभर उचलून पुढची काळी खूण हेरत होती. वळणावर तर नाक खाली गेलंच नाही! लाइन धरून मागून चालताना मला तिची पाठ तेवढी दिसायची.

वाळू त्या दिवसापासून बंद. तसंही थंडीत कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात, कुत्री घरटी उकरतात, त्यामुळे तेवढे महिने कुणीच कुत्रं तिथे नेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

भातकापणीनंतर काकांचं खाचर मोकळं होतं. विचारलं, तर म्हणाले, "फिरव की, फक्त कुळथात घुसू देऊ नकोस."

धसकटांत पाऊल दिसत नाही. पहिल्या दिवशी तारा पंधरा पावलांवर थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी पहिल्यापासून सुरुवात केली: 40 पावलं, प्रत्येक टाचेखाली उकडलेल्या कलेजीचा तुकडा. पुढे दोनाआड एक, मग मन मानेल तिथे. चिरडलेलं गवत, मोडलेली माती आणि माणसाचा गंध, हे तिन्ही मिळून तिचा माग. दव असेपर्यंत तो छान धरतो. नऊनंतर आमच्याकडच्या उन्हात विरळ होतो, म्हणून सातच्या आत माग टाकतो.

तिसऱ्या आठवड्यात ती वळण चुकवून हातभर पुढे गेली. फुसफुस एकदम थांबली. मी लाइन ढिली सोडली, तोंडातून शब्द काढला नाही. तिने मान डावीकडे, मग उजवीकडे फिरवली, नाक धसकटात खुपसलं, आणि फुसफुस पुन्हा सुरू. उजवीकडे! आपल्या आपण सोडवलेलं तिचं ते पहिलं वळण. तिथेच मातीत गुडघे टेकून तिला जवळ घेतलं.

वस्तूपाशी बसते, पण तिरकी. वस्तूंना 100 पैकी 21 गुण आहेत, तेव्हा हे सुधारायलाच हवं.

संरक्षणाचं काम रविवारीच, हेल्पर (हल्लेखोर बनणारा साथीदार) चिपळूणहून येतो तेव्हा. सुरूच्या बनामागच्या मोकळ्या जागेत झापं सुंभाने बांधून त्याला लपायला आडोसा उभा केलाय. त्याला भुंकून रोखताना तारा स्लीव्हला (त्याच्या हातावरच्या जाड संरक्षक बाहीला) नाकाने ढोसायची. आता ती शिवली की हेल्पर पुतळ्यासारखा उभा राहतो. चार पाय जमिनीवर ठेवून सलग भुंकली तरच तिला स्लीव्हचा चावा मिळतो. ढोसणं बरंच कमी झालंय. "सोड" मात्र दमल्यावर दोनदा सांगावं लागतं. दमट हवेत तीन फेऱ्यांवर चौथी घेतली की हेच होतं, म्हणून आता तीनच.

या आठवड्यात मागाच्या दुसऱ्या टप्प्यातली कलेजी पूर्ण काढतोय.