दोन जावांची दीर्घकथा : पावसाळ्यापासून आजवर

गेल्या पावसाळ्यात धरलेली दीर्घकथा आता तिसऱ्या खर्ड्यावर आहे. बेळगावच्या वडगावातल्या विणकर घरातल्या दोन जावांची ही गोष्ट. थोरली हातमागाच्या काळात लग्न होऊन आलेली, धाकटी घरात यंत्रमाग बसल्यानंतर. पहिल्या खर्ड्यात थोरलीच सगळं सांगत होती आणि धाकटी नुसती तिच्या तक्रारींतून दिसायची. दुसऱ्या खर्ड्यात निवेदन थोरलीच्या तोंडून काढून घेतलं, तेव्हा कुठे धाकटीला स्वतःचं घर, स्वतःची दुपार मिळाली. आता तिसऱ्यात मी काळ बांधून घेते आहे. महिने, वर्षं सांगायची नाहीत असं ठरवलंय. मागावरनं साडी उतरते, नवा ताणा, म्हणजे उभं सूत, चढतो, सूत महागतं, त्यावरून वाचकाला कळायला हवं की मुलगी शाळेतून कॉलेजात गेली. पहिली दोन प्रकरणं अशी जमली आहेत. धोटा, फणी, कांड्या भरणं हे मागावरचं सगळं एका शेजारच्या काकूंकडून बसून समजून घेतलं. त्या हातांनी दाखवत बोलत होत्या. मी वहीत शब्दांपेक्षा त्यांचे हातच जास्त उतरवून घेतले.

इथे नवीन असलेल्यांसाठी सांगते. माझी नोकरी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, डिस्पॅचला. चलन करायचं, काट्यावरचं वजन ताडून बघायचं, ट्रक लावून द्यायचा. लिहिणं पहाटे होतं, आणि गाडी भरत असते तेव्हा जुन्या चलनबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर. पक्कं लिखाण मात्र दोनशे पानी वहीतच. टायपिंग शेवटी, तेही युनिकोडमध्ये. आपल्याकडच्या काही छापखान्यांना अजून श्रीलिपीत, म्हणजे जुन्या फाँटच्या पद्धतीत मजकूर लागतो, आणि एकातून दुसऱ्यात नेताना जोडाक्षरं फुटतात. रफार आणि र्‍य एकदा डोळ्यांखालून घालाच.

दिवाळी अंकात मागची कथा आली तेव्हा निपाणीचे मामा फोनवर म्हणाले, ‘एवढं चांगलं लिहितीस, मग नोकरी कशाला गे? पूर्णवेळ लिही की.’ त्यांचा आनंद खरा होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे कुणी ना कुणी म्हटलं असेल, म्हणून माझं उत्तर इथे सविस्तर लिहिते.

आधी हिशेब. हजार प्रतींची आवृत्ती धरा, किंमत २५० रुपये, लेखकाला दहा टक्के. सगळ्या प्रती संपल्या तर २५,००० रुपये होतात, आणि कथासंग्रहाच्या हजार प्रती सहसा एका वर्षात संपत नाहीत. दिवाळी अंकाचं मानधन अंकागणिक वेगळं, काही ठिकाणी अंकाची प्रत हेच मानधन. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेला या अंकांनी सांभाळलंय. लेखकाचं घर चालवणं हे त्यांचं कामच नव्हतं. मालिकालेखनात पैसा आहे, पण तिथे रोजचा भाग रोज द्यावा लागतो. ते जमणारे लोक मोठ्या ताकदीचे असतात. मला ते काम नको आहे.

पण उद्या पैशाचा प्रश्न सुटला तरी मी नोकरी सोडणार नाही. गणपतीपासून दिवाळीपर्यंत ही वही मी उघडलीच नाही, कारण माग बंद पडल्यावर धाकटी काय करेल ते मला कळत नव्हतं. तिला माहेरी पाठवणं सोपं होतं. शिवणकाम सुरू करायला लावणं त्याहून सोपं. या लिखाणावर घरचा किराणा अवलंबून असता तर त्यातलंच एक काहीतरी लिहून मी कथा पाठवून दिली असती. पगार दुसरीकडून येतो म्हणून मला थांबता आलं. मग तुळशीच्या लग्नाच्या सुमारास एका पहाटे ती मला दिसली : बंद मागावर धाकटी रोज कापड फिरवते, तेलाचा डाग पडू देत नाही, आणि थोरलीला ते बघवत नाही. सगळं चौथं प्रकरण त्यातून आलं. हे थांबता येणं मला फार मोलाचं वाटतं.

दुसरं कारण माणसांचं. डिस्पॅचच्या खिडकीशी खानापूरकडचे हमाल येतात, हुबळीचे ड्रायव्हर येतात, चहावाला येतो. दिवसभर माझ्या कानावर बोलणं पडत असतं, आणि मी लेखिका आहे म्हणून त्यातलं कुणी सावरून बोलत नाही. खोलीत बसून मला हे सुचलं नसतं.

याची किंमतही आहे. महिनाअखेरीला माल जायची घाई असते, त्या आठवड्यात एक ओळ होत नाही. पुण्या-मुंबईतल्या शिबिरांना जाता येत नाही. पूर्णवेळ लिहायचं ठरवलेल्या मित्रमैत्रिणींविषयी मला मनापासून आदर आहे, त्यांच्यापैकी दोघांचे खर्डे मी वाचते आणि ते माझे वाचतात. फक्त ‘नोकरी करून लिहिणारा तो हौशी, म्हणजे कच्चा’ हे मला मान्य नाही. कवयित्री इंदिरा संत याच बेळगावात शिकवत होत्या, पुढे ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक होते. दोघांनाही साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्याशी बरोबरी करायची म्हणून मी हे लिहीत नाही. आपल्या भागात ही वाट जुनी आणि चांगली मळलेली आहे, एवढं नव्याने लिहिणाऱ्यांना कळावं.

आता या हंगामातली मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेली गोष्ट. बेळगावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९२९, १९४६ आणि २००० साली झालं, त्याची आठवण आपण काढतोच. पण दर हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमनी अशा गावांतून जी संमेलनं भरतात, ती माझ्यासारखीला जास्त जवळची. सकाळी ग्रंथदिंडी निघते, टाळ-मृदंग, लेझीम, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, आणि मग मांडवात शेतकरी, शिक्षक, शाळेची मुलं दिवसभर बसून ऐकतात. यंदा एका गावच्या संमेलनात मला कथाकथनाला बोलावलं होतं. मी या दीर्घकथेचं दुसरं प्रकरण घेतलं, पण कागद न बघता सांगायचं म्हणून ते नव्याने बांधलं. लांब वर्णनं गेली. सुताच्या भावाचा तपशील ठेवला, आणि तिथेच मांडवात कुजबुज उठली, कारण तो भाव बायकांना ठाऊक होता. थोरलीची एक ओळ मला लिहिताना साधी वाटली होती, तिच्यावर मागच्या रांगेतली एक आजी मोठ्याने ‘होय की!’ म्हणाली. घरी आल्यावर छापायच्या खर्ड्यातूनही मी ती वर्णनं काढली. तेव्हापासून प्रत्येक प्रकरण आधी मोठ्याने सांगून बघते. घरात माझी जाऊ ऐकते, भाजी निवडत. तिचा हात थांबला की त्या जागी मी खूण करते.

संवादांविषयीही ठरवून टाकलंय. निवेदन प्रमाण मराठीत, बोलणं जसं ऐकू येतं तसं. आपल्याकडच्या बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच म्हणतात, तर माझ्या जावाही तसंच बोलतील. मागच्या कथेत संपादकांनी ते सगळीकडे ‘आले’, ‘जाते’ करून टाकलं होतं. मी पत्र लिहून कारण सांगितलं, आणि त्यांनी पुन्हा होतं तसं केलं. या वेळी हस्तलिखितासोबत आधीच चिठ्ठी जोडणार आहे. शेवटी शब्दार्थ देणार नाही. दोन पानं वाचली की कान बसतो, असा माझा अनुभव आहे.

पुढचं काम असं. पाचवं प्रकरण अजून सैल आहे, सावकाराकडचा प्रसंग अर्ध्यावर आणायला हवा. आषाढाच्या आत टायपिंग संपवायचं, कारण दिवाळी अंकांचे संपादक तेव्हाच कथा मागवू लागतात. एका अंकाला लांबी चालेल असं कळलंय. नाहीच चालली तर कथा कापणार नाही, पुढच्या वर्षापर्यंत ठेवीन.

एका ठिकाणी तुमचं मत हवं आहे. सूत देणारा व्यापारी कन्नडमध्ये बोलतो आणि थोरली त्याला अर्धं कन्नड, अर्धं मराठी उत्तर देते, तेही भाव पाडून घेताना. सध्या मी त्याची वाक्यं कन्नडच ठेवली आहेत, देवनागरीत, आणि अर्थ तिच्या उत्तरातून निघेल असं बघितलंय. सीमाभागातल्या वाचकाला काही अडणार नाही. पण नाशिक-नागपूरकडच्यांनी कृपया सांगा, सलग पाच-सहा वाक्यं अशी आली तर तुम्ही वाचत राहाल का, की तिथे पान उलटाल? हवं असेल त्याला तेवढी दोन पानं पाठवते.