गारगोटीला तारेचा वेढा

गुळगुळीत केलेल्या दगडाचा दागिना करायचा म्हटले की पहिली अडचण अशी येते, की त्याला भोक नसते, कड नसते आणि सरळ अशी एकही बाजू नसते. सोनाराकडच्या खड्याला पैलू असतात, त्याचे माप ठरलेले असते आणि त्या मापाचे कोंदण करून खडा त्यात बसवता येतो. मण्याला तर भोकच असते, त्यामुळे तो पटवेकऱ्याकडे नेऊन रेशमात गाठवून घेतला की काम झाले. गोट्याचे तसे नाही. हातातून निसटणे हाच त्याचा स्वभाव, आणि त्याला चिकटद्रव्य न लावता, डाख न देता, भोक न पाडता नुसत्या तारेच्या वेढ्यांनी असे धरायचे, की गळ्यात घालून दिवसभर वावरले तरी तो जागचा हलू नये. या कलेला सगळे वायर रॅपिंग म्हणतात. गेल्या पावसाळ्यापासून मी ती शिकते आहे.

मराठवाड्यात वाण असते ती पावसाची, दगडांची नाही. आमच्या पायाखालचा काळा कातळ सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. तो लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांमधून सिलिका विरघळलेले पाणी झिरपत राहिले आणि थरावर थर बसत आत अकीक, स्फटिक आणि दुधी रंगाची गारगोटी तयार झाली. भोवतीचा कातळ ऊनपावसाने झिजून त्याची माती होते. आतली गारगोटी मात्र त्याहून चिवट असल्यामुळे मागे उरते, ओढ्याला लागते आणि शेवटी गोदावरीत येते. अजिंठ्याला गेलेल्या प्रत्येकाला हातात चमकते दगड घेऊन मागे लागणारे विक्रेते आठवत असतील. तो माल पाहायला देखणा, परंतु त्यातले झिओलाइट नावाच्या खनिजाचे गुलाबी-पांढरे झुपके मऊ आणि ठिसूळ असतात, त्यामुळे ते कपाटातच शोभतात. दागिन्याला उपयोगी पडणारे दगड मला परभणीतच, घरासमोर चाललेल्या बांधकामावर मिळाले. गोदावरीची वाळू चाळून झाली की चाळणीवर जे गोटे उरतात ते गवंड्याच्या दृष्टीने टाकाऊ असतात. पाणी मारून त्यांच्याकडे पाहिले, की विटकरी, मधाळ, करडे आणि मधूनच पांढरी रेघ असलेले असे चार-सहा तरी त्यांत निघतातच.

त्यांना झिलई देण्याचे काम माझा भाचा करतो, कारण यंत्र त्याचे आहे. रबराच्या बंद पिंपात दगड, पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची भरड पूड घालून ते पिंप रात्रंदिवस सावकाश फिरत ठेवायचे. साधारण आठवड्याने उघडून सगळे धुवायचे आणि पुन्हा आधीपेक्षा बारीक पूड घालायची. असे करत शेवटी अॅल्युमिनियम ऑक्साइडवर चमक आणायची, यात महिना सहज जातो. भरड पुडीचा एखादा कण धुताना राहून गेला तर शेवटच्या टप्प्यावर तोच चरे पाडतो. एका घाण्यात सारख्या कठीणपणाचेच दगड घ्यावे लागतात, नाहीतर मऊ दगडाचा चुराडा होतो. भारनियमनाचा त्रास इथेही आहेच. वीज बराच वेळ गेली की पिंपातला राडा तळाशी बसून घट्ट होतो, आणि मग भाचा महावितरणला जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखे नाही.

तार कुठे मिळेल, हा प्रश्न मात्र चुटकीसरशी सुटला. शेतीपंपाच्या मोटारी वरचेवर जळत असल्यामुळे आमच्याकडे तालुक्याच्या गावीसुद्धा रिवाइंडिंगची दुकाने असतात, आणि तिथे तांब्याची तार वजनावर मिळते. मी वीस नंबरची आणि सव्वीस नंबरची अशी थोडी थोडी तार मागितली, तेव्हा दुकानदाराने तराजू पुढे ओढत विचारले, “मोटार कितीची आहे, ताई? पाचची का साडेसातची?” तारेचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक. वीस नंबरची सुमारे 0.9 मिलिमीटर जाड असते आणि सव्वीस नंबरची त्याच्या निम्मी. जाड तारेने सांगाडा करायचा आणि बारीक तारेने तो आवळायचा, एवढी या दोघींची कामाची वाटणी. वाइंडिंगच्या तारेवर वार्निशचा पातळ थर असल्यामुळे ती लवकर काळवंडत नाही, पण पकडीने कुठे ओरखडा आला की नेमकी तेवढीच जागा पुढे काळी पडते. म्हणून माझा कल वार्निश नसलेल्या कोऱ्या तारेकडे आहे.

तांब्याचा एक गुण हाताने काम केल्याशिवाय कळत नाही. तार जितकी वाकवावी तितकी ती कडक होत जाते. रिळावरून नुकतीच सोडलेली तार बोट दाखवाल तिकडे वळते. तीच तार दोन-तीनदा वाकवून सरळ केली की ताठरते, आणि त्याच जागी आणखी वाकवत राहिले तर तुटते. तिला पुन्हा मऊ करायचे असेल तर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात सोडायची. पोलाद असे केल्याने कडक होते आणि तांबे मऊ, याची मला अजूनही गंमत वाटते. हे कडक होणे म्हणजे दोष नव्हे, त्याच्यावरच तर सगळा खेळ चालतो. वेढा घेताना तार मऊ हवी आणि वेढा बसल्यावर ती ताठ राहायला हवी.

सध्या माझ्यासमोर एक विटकरी जॅस्पर, म्हणजे अकीकाच्याच जातीचा पण अपारदर्शक दगड आहे, बोराहून थोडा मोठा, एका अंगाला फुगीर आणि दुसऱ्या अंगाला किंचित खोलगट, मधून एक पांढरी तिरकी रेघ गेलेला. तार कापण्याआधी तो बराच वेळ नुसता बोटांत फिरवावा लागतो, कारण प्रत्येक गोट्याला कुठेतरी कंबर असते. नुसत्या नजरेला ती बहुधा दिसत नाही. अंगठा आणि तर्जनी यांत दगड धरून फिरवला, की एका जागी बोटे आपोआप आत जातात, तीच ती जागा. जॅस्परची कंबर खोलगट अंगाला निघाली. जाड तारेचे दोन तुकडे दगडाच्या तळाशी एकमेकांवर फुलीसारखे ठेवले, ती फुली बारीक तारेच्या चार वेढ्यांनी आवळली, आणि चारही टोके दगडाच्या चार अंगांनी वर घेतली. त्यांतले एक टोक कंबरेतून जाईल आणि पांढऱ्या रेघेवर एकही येणार नाही, एवढे पाहिले. वर ती टोके एकत्र आली की त्यांच्या मानेभोवती बारीक तार घट्ट गुंडाळायची, दोन टोके आखूड कापून आत दडपायची आणि उरलेली दोन पेन्सिलीवरून वळवून दोऱ्यासाठी कडी करायची. मग दगडाला सगळ्या बाजूंनी अंगठ्याने दाबून बघायचे. तो ज्या बाजूला सरकू पाहतो, त्या बाजूच्या तारेला गोल नाकाच्या पकडीने एक लहानसा नागमोडी मुरका द्यायचा. मुरक्याने तार तेवढ्यापुरती आखूड होते आणि वेढा ताणला जातो.

यात माझे मत ठाम आहे. बाजारात असे जे नग दिसतात, त्यांतल्या बऱ्याच नगांवर वळसे, वेटोळी, फुले, पाने यांची इतकी गर्दी असते की उसाची मोळी बांधावी तसा दगड बांधलेला असतो, आणि महिनाभर फिरून आलेली झिलई कुठे गेली ते शोधावे लागते. जी तार दगडाला धरत नाही ती काढून टाकावी. असे केले की तीन-चार तारा उरतात, आणि त्या पुरतात.

कठीण दगडाला भोक न पाडता धरण्याची ही पद्धत मला सोयीची वाटते, पण भोक पाडणाऱ्यांची परंपरा आमच्या उंबऱ्याशी आहे हे विसरता येत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात लिहिले आहे, की अकीकाच्या जातीचे दगड पैठणहून गाड्यांमध्ये भरून, जिथे वाट नाही अशा मुलखातून, बरिगाझा म्हणजे आजच्या भरूचला नेत असत. पैठण तिथून वीस दिवसांच्या वाटेवर, आणि आणखी दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले धाराशिव जिल्ह्यातले तेर. अकीकाला भोक पाडणे फार कष्टाचे; गुजरातेतल्या खंबायतचे कारागीर ते काम हिऱ्याची कणी बसवलेल्या सामत्याने करत. त्या कष्टाच्या मानाने तार वळणे म्हणजे दुपारचा उद्योग, याची जाणीव ठेवून मी तार वळते.

आता राहिली टोके. कापलेले टोक कानशीने घासून आत वळवले नाही तर ते पदराचा धागा ओढते, आणि आमच्या घरात पैठणीचा धागा ओढला गेला तर वहिनी तो दागिना आणि तो करणारी या दोघींनाही माफ करणार नाहीत. तांबे काळवंडले तर चिंचेने घासावे. अकीक-जॅस्परला त्याने काही होत नाही, मात्र नंतर स्वच्छ धुऊन कोरडे करायला हवे. वहिनींना आता या जॅस्परसारखी कानातली हवी आहेत. पण गोदावरी जोड्या लावून दगड पाठवत नाही, त्यामुळे दोन कानांत दोन वेगळे रंग चालतील का, एवढे त्यांना विचारायचे आहे; चालत असतील तर एक मधाळ गोटा मी बाजूला काढून ठेवला आहे.