पुणे ते न्यूअर्क : एका पट्टीएवढा दोरा

अमेरिकेचं विमान ग्रीनलंडकडे कशाला वळतं, हा प्रश्न भूगोलाच्या तासाला दर वर्षी कुणीतरी विचारायचंच. मी पृथ्वीगोल टेबलावर ठेवायचे, शिवणाच्या दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबायचे आणि दुसरं ताणून न्यूयॉर्कवर धरायचे. सपाट नकाशावरची सरळ रेघ अरबस्तान, सहारा, मोरोक्को अशी जाते. गोलावर ताणलेला दोरा आपोआप वर सरकतो, आइसलंडवरून जातो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला खेटतो. अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर, म्हणजे नकाशावरच्या रेघेपेक्षा दीड हजाराहून जास्त वाचले! ३० सेंटीमीटर व्यासाच्या गोलावर तो दोरा जेमतेम एका पट्टीएवढा भरतो. मुलं पट्टी लावून बघायची, तेव्हा कुठे त्यांना पटायचं.

या मे महिन्यात लेकीच्या बाळंतपणासाठी न्यूयॉर्कशेजारच्या न्यूअर्कला जाताना मी तेच अंतर पहिल्यांदा स्वतः गेले.

पुण्याहून थेट विमान नाही. लोहगावचा तळ मुळात हवाई दलाचा, धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास. इंधनाने गच्च भरलेलं एवढं मोठं विमान तिथून उठणं अवघड. म्हणून कोथरूडहून संध्याकाळी सहाला गाडीने निघालो. खंडाळ्याच्या घाटात ट्रकांची रांग लागली होती. मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन मी सारखी घड्याळ बघत होते. मुंबई विमानतळ गाठायला साडेचार तास लागले.

रात्री १ वाजून १० मिनिटांनी विमान सुटलं. समोरच्या पडद्यावरची रेघ माझ्या दोऱ्यासारखी नव्हती. कुठल्या देशावरून उडता येतं आणि वारा कसा आहे, यावर वाट ठरते. आम्ही अरबी समुद्रावरून तुर्कस्तान, मग युरोप असे गेलो. पश्चिमेकडून येणारा जोराचा वारा तोंडावर होता, त्यामुळे वेग ताशी आठशेच्या घरात. परतताना हाच वारा पाठीशी असतो आणि तास-दीड तास सहज वाचतो.

युरोपवर उजाडलं आणि त्यानंतर सकाळ संपेचना. सूर्य ज्या दिशेला सरकतो, त्याच पश्चिमेकडे आम्ही त्याच्या पुढे पळत होतो. सात-आठ तास खिडकीत तेच कोवळं, तिरपं ऊन. पृथ्वी फिरते हे इतकी वर्षं शिकवलं. ते असं अंगावर पडलेलं ऊन होऊन कधी आलं नव्हतं. शेजारचे सगळे खिडक्या लावून झोपले होते, मला डोळा लावावासाच वाटला नाही.

हवेत सोळा तास वीस मिनिटं. घर ते घर साडेपंचवीस.

लेकीच्या स्वयंपाकघरात बसून पुण्याला फोन लावला. "अहो, पोचले." तिकडे साडेसात वाजले होते, दिवेलागण होऊन गेली होती. इथे सकाळचे दहा, आणि लेक पहिला लाडू फोडत होती.