स्प्रे मशीन बंद करताना घाई नको

चवथीआधी आमच्या डिचोलीकडे रंगकामं जोरात असतात, संध्याकाळी सगळे दमलेले, आणि मशीनचं स्विच बंद केलं की काम संपलं असं पोरांना वाटतं. पण एअरलेस मशीनमध्ये (हवेशिवाय, पंपाच्या दाबानेच रंग उडवणारं) 3000 पीएसआयपर्यंत (दाब मोजायचं एकक) प्रेशर असतं आणि प्लग काढला तरी ते पाइपात तसंच राहतं! म्हणून आधी वॉल्व्ह प्राइमवर (दाब परत सोडायची खूण) घ्यायचा, मग गन बादलीत धरून ट्रिगर दाबायचा आणि प्रेशर गेलं की ट्रिगरचा लॉक लावायचा, त्यानंतरच टिप (गनच्या तोंडाचं नोझल) काढायची. टिपसमोर बोट कधीच नको. रंग कातडीखाली घुसला तर बाहेरून नुसता ठिपका दिसतो, पण बोट गमवावं लागू शकतं, सरळ बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात (गोमेकॉ) पळा आणि डॉक्टरला सांगा की प्रेशरने रंग आत गेलाय.

धुवायचं म्हणजे पाण्याच्या रंगाला पाणी, ऑइल पेंटला थिनर, स्वच्छ येईपर्यंत. थिनर असेल तर टिप काढूनच, कमी प्रेशरवर, अर्थिंग केलेल्या लोखंडी बादलीला गन टेकवून धरा, नाहीतर स्टॅटिक विजेची (घर्षणाने साठणारी) ठिणगी पडते, आणि जवळ विडी वगैरे अजिबात नको. फिल्टर ब्रशने घासा. आपल्याकडच्या पावसात पंपात पाणी ठेवलं की गंज ठरलेलाच, शेवटी पंप प्रोटेक्टर (गंज रोखणारं लिक्विड) पंपात फिरवून ठेवा.